बांधावरचा एरंड, बागेतला पतंग

कारंजा (घाडगे) भागात आंबिया बहाराची संत्री पिकायला लागली की रात्री बागेत पतंग उतरतात. टणक सोंड सालीत खुपसून रस पितात. छिद्र टाचणीएवढंच, पण त्यातून बुरशी शिरते, भोवतीचा भाग सडतो आणि फळ गळून पडतं.

या पतंगांची पिल्लावळ मात्र संत्र्यावर वाढत नाही. एका जातीच्या अळ्या गुळवेलीवर पोसतात. काळ्या-पांढऱ्या मागच्या पंखांच्या दुसऱ्या जातीची, ‘अकिया जनाटा’ची, उंटअळी वाढते ती एरंडावर. म्हणून संत्र्याची गोष्ट सांगताना एरंड माजतो त्या उकिरड्याकडे वळावं लागतं.

एरंड मूळचा पूर्व आफ्रिकेतला, इथिओपियाकडचा. इजिप्तच्या प्राचीन थडग्यांत त्याच्या बिया सापडल्या आहेत. आपल्याकडे तो इतका मुरला की अनेक गावांत होळीच्या मधोमध त्याचाच दांडा रोवतात. तीन कप्प्यांचं काटेरी बोंड वाळलं की तडकतं आणि बिया लांब उडतात. बीच्या टोकाला पांढुरका, स्निग्ध गोळा असतो. त्याच्या लोभाने मुंग्या बी ओढून नेतात, गोळा खातात आणि बी टाकून देतात. ती नत्राने भरलेल्या उकिरड्यावर पडली की एरंड झपाट्याने वाढतो. त्याचं खोड पोकळ, त्यातून रस निघायचा नाही. ‘एरंडाचं गुऱ्हाळ’ म्हणतात ते उगाच नाही. त्याला सोसत नाही ते कडाक्याचं हिम. त्यामुळे थंड देशांत तो एका हंगामापुरताच जगतो.

ठिपकेदार बी गोचिडासारखी दिसते, म्हणून लिनियसने 1753 मध्ये या वंशाला ‘रिसिनस’ हे गोचिडाचंच लॅटिन नाव दिलं. बीतलं रिसिन हे जहाल विषारी प्रथिन तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं. ही पेंड खत म्हणून उत्तम, पण गुरांपुढे कधीही टाकू नये.

मग बागेतले पतंग कमी व्हावेत म्हणून बांधावरचे सगळे एरंड उपटायचे का? मला ते पटत नाही. सोयाबीन-कपाशीच्या कडेने एरंड मुद्दाम लावायला सांगतात, कारण तंबाखूवरची पाने खाणारी अळी जिच्यापासून होते ती मादी पतंग अंडी घालायला एरंडाचं रुंद पान पसंत करते. पानामागे केसाळ अंडीपुंज दिसला, किंवा पान जाळीदार झालं, की तेवढं पान तोडून नष्ट करायचं. संत्राबागेशेजारी असलेल्या एरंडावर उंटअळ्याही अशाच वेचता येतात. मात्र पावसाळ्यात दर दोन-चार दिवसांनी बांधावर जाऊन पानं उलटून पाहायला हवीत.