दोन फर्लांगांचा जमाखर्च

पुण्याच्या पेठांनी पूर्वी केव्हातरी एकत्र बसून कामांची वाटणी करून घेतली असावी, असा संशय यावा इतकी त्यांची खाती निरनिराळी आहेत. नारायण पेठेच्या वाट्याला केसरीवाडा, छापखाने, पुस्तकांची दुकाने आणि मोदी गणपतीपासून पत्र्या मारुतीपर्यंतची देवस्थाने आली; मोटारींचे सुटे भाग, गास्केटे, बेअरिंगे आणि ती पारखून घेणाऱ्या मिस्त्रीमंडळींची गर्दी हे सारे खाते नाना पेठेकडे गेले. तेव्हा नारायण पेठेत बसून अमेरिकेतील अजस्र इंजिनांच्या मोटारींवर आणि त्यांच्या ड्रॅग शर्यतींवर लेख लिहिणे हा सरळसरळ अधिकारातिक्रम आहे, अशी हरकत कोणी घेतल्यास ती नाकारता येणार नाही. तथापि ज्या क्रीडेचा निकाल सेकंदाच्या सहस्रांशावर लागू शकतो, जिच्यात प्रत्येक धावेनंतर चालकाच्या हाती आकड्यांची छापील चिठ्ठी पडते, आणि जिच्या एका प्रकारात आपण सांगितल्यापेक्षा अधिक वेगाने जाणारा मनुष्य हरतो, ती क्रीडा बाहेरून कितीही कर्कश आणि धुरकट असली तरी अंतर्यामी कारकुनी शिस्तीची आहे, असे माझे मत आहे.

शर्यतीचे स्वरूप सांगायला एक वाक्य पुरते. दोन गाड्यांनी शेजारशेजारच्या दोन सरळ पट्ट्यांवर उभे राहावे, दिव्याचा इशारा होताच जागेवरून सुटावे, आणि पाव मैलाचे, म्हणजे १,३२० फुटांचे किंवा सुमारे ४०२ मीटरचे अंतर जो आधी कापील तो जिंकला. लष्कर भागातील रेसकोर्सवर घोड्यांच्या शर्यती पाहिलेल्या जुन्या मंडळींच्या भाषेत हे अंतर अवघे दोन फर्लांग होते. वळण नाही, चढउतार नाही. खेड, आंबेगाव, जुन्नरकडच्या वाचकाला तर यात काहीच नवे वाटणार नाही. कारण तिकडच्या बैलगाडा शर्यतीत एकेक गाडा घाटावरून एकटाच सुटतो आणि त्याच्या बारीचा निवाडा घड्याळावर होतो. ती शर्यत २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंद केली, २०२१ च्या डिसेंबरात अटींवर पुन्हा सुरू होऊ दिली, आणि २०२३ मध्ये घटनापीठाने तिच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केले. अंतर थोडे, काळ सेकंदांचा आणि तयारी वर्षभराची, हा प्रकार आपल्या मुलखाला ठाऊक नाही असे म्हणण्यात अर्थ नाही.

अमेरिकेत या खेळाचा जन्म रस्त्यांवरच्या बेकायदा शर्यतींत आणि कॅलिफोर्नियातील कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळांवर झाला. फोर्ड कंपनीने १९३२ साली आठ सिलिंडरांचे व्ही-एट इंजिन सामान्य मनुष्याला परवडेल अशा किमतीच्या मोटारीत बसविले, आणि ज्या तरुणांच्या हाती पैसा नव्हता पण पाना होता, त्यांना जुन्या गाडीचे मडगार्ड काढून, वजन उतरवून, तिला पळविण्याचा मार्ग सापडला. दुसरे महायुद्ध संपल्यावर यंत्रविद्या शिकून परतलेल्या सैनिकांची त्यांत भर पडली, आणि युद्धासाठी बांधलेल्या विमानतळांच्या धावपट्ट्या ओस पडल्या होत्या, त्याही कामी आल्या. १९५० साली दक्षिण कॅलिफोर्नियात सांता आना येथे विमानतळावरच नियमित शर्यती भरू लागल्या. ‘हॉट रॉड’ नावाच्या मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापिली, तिच्यामागे वेगाच्या स्तुतीपेक्षा फिर्यादींचा निकाल लावण्याची वृत्ती अधिक होती: रस्त्यावरच्या उपद्रवी पोरांना जागा द्या, नियम द्या, गाडीची तपासणी करा, म्हणजे पोलीस आणि पोरे दोघांचाही वेळ वाचेल. एका नियतकालिकाच्या संपादकाने असा बंदोबस्त केला, ही गोष्ट छापखान्यांच्या पेठेत आवर्जून सांगितली पाहिजे.

पुढे ज्या गाड्यांना ‘मसल कार’ हे नाव मिळाले, त्यांचा जन्म मात्र कारखान्याच्या एका पळवाटेतून झाला. जनरल मोटर्सने आपल्या मध्यम आकाराच्या मोटारींत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवू नये असा दंडक घालून ठेवला होता. त्या कंपनीच्या पॉन्टियॅक शाखेतील जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दंडक मोडला नाही. त्यांनी १९६४ साली ३८९ घन इंचांचे इंजिन मध्यम आकाराच्या गाडीसाठी वेगळे मॉडेल म्हणून न काढता, गिऱ्हाइकाने मागितल्यास मिळणारी जादा सोय म्हणून कागदोपत्री दाखविले. सरकारी दप्तरात आयुष्य घालविलेल्या कोणाही गृहस्थाला या युक्तीचे मर्म कळेल. जीटीओ या नावाने ही सोय घेणारे गिऱ्हाईक पाच हजारही मिळेल की नाही, ही धास्ती होती. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर गाड्या गेल्या. आपल्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन १,०८९ घन सेंटिमीटरांचे होते. जीटीओचे त्याच्या जवळजवळ सहापट. चार नळ्यांचा कार्बोरेटर घेतला तर ३२५ अश्वशक्ती, आणि दोन नळ्यांचे तीन कार्बोरेटर ओळीने बसविले तर ३४८, असा जीटीओचा दर्जा जाहिरातीत दिलेला असे. क्रायस्लर कंपनीने १९६६ पासून ४२६ घन इंचांचे ‘हेमी’ इंजिन रस्त्यावरच्या डॉज आणि प्लिमथ गाड्यांत देण्यास आरंभ केला. त्याची नोंद ४२५ अश्वशक्ती अशी होती.

डॉज आणि प्लिमथ ही नावे महाराष्ट्राला परकी नव्हती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्याच डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडल्या जात. जनरल मोटर्सने तर त्याच्याही आधी, १९२८ मध्ये, मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्यास प्रारंभ केला होता. पण १९५३ साली टॅरिफ कमिशनने जे येथे टप्प्याटप्प्याने संपूर्ण मोटार बनवतील त्यांनीच राहावे अशी शिफारस केली, आणि पुढच्याच वर्षी जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपला पसारा आवरला. म्हणजे डेट्रॉइटमध्ये इंजिने दांडगी होऊ लागली नेमक्या त्याच काळात आपली दारे बंद झाली. दार उघडे असते तरी पुण्याच्या मध्यमवर्गाने ती गाडी घेतली असती असे नाही. पेट्रोलच्या खर्चाचा विचार करूनच तो परत फिरला असता. मोटारीऐवजी आपल्याकडच्या हौशी पोरांनी १९८५ साली आलेली यामाहा आरएक्स १०० ही अठ्ठ्याण्णव घन सेंटिमीटरांची फटफटी हेरली, आणि तिच्या सिलिंडरातील वाटा कानशीने रुंद करून आपली हौस भागविली. विद्या तीच, फक्त भांडवल निराळे.

ती विद्या म्हणजे ट्यूनिंग. लोकांची समजूत अशी की मोठे इंजिन आणि मोठा आवाज झाला की काम झाले. वास्तविक निष्णात मिस्त्रीचा बहुतेक काळ इंजिनाबाहेर जातो. सुटतानाच्या पहिल्या साठ फुटांत वाचविलेला सेकंदाचा दहावा भाग शेवटी दीडपट ते दुप्पट होऊन जमेस पडतो, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. म्हणून सारी करामत मागच्या चाकांनी जमीन धरावी यासाठी असते. गाडी झेप घेते तेव्हा तिचा भार मागे सरकतो; तो सरकण्यास मोकळीक मिळावी म्हणून पुढची स्प्रिंग मऊ ठेवतात, पाटा पिळू नये म्हणून मागे जोरदांडे लावतात, टायरमधली हवा उतरवितात, आणि सुटण्यापूर्वी चाके ओल्या जागी फिरवून रबर तापवितात. तो पांढरा धूर पाहून प्रेक्षक टाळ्या पिटतात. चालकाच्या दृष्टीने तो तव्याला तेल लावण्याइतका साधा विधी असतो. डिफरन्शियलचे प्रमाण ३.२३ वरून ४.१० केले तर उचल वाढते, परंतु हमरस्त्यावर तीच गाडी जिवाच्या आकांताने ओरडू लागते आणि पेट्रोल पिते. दोन्हीकडे फायदा देणारा गिअर कोणी अद्याप काढलेला नाही.

इंजिनात शिरावे तर पहिला प्रश्न ठिणगी केव्हा पडावी हा. जुन्या व्ही-एटमध्ये डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात दोन वजने आणि दोन बारीक स्प्रिंगा असतात. फेरे वाढतील तशी वजने बाहेर फेकली जातात आणि ठिणगी अधिकाधिक आधी पडू लागते. एकूण आगाऊपणा चौतीस ते अडतीस अंशांच्या दरम्यान कोठेतरी त्या इंजिनाला मानवतो. कमी ठेवला तर शक्ती वाया जाते, अधिक ठेवला तर इंजिन ठोकू लागते आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. दुसरा प्रश्न हवा आणि पेट्रोल यांच्या प्रमाणाचा. पूर्ण ताकदीने धाव मारून इंजिन तत्क्षणी बंद करायचे, प्लग काढायचा आणि त्याच्या चिनीमातीवरचा रंग वाचायचा: काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा फटक असेल तर कमी, बिस्किटासारखा फिकट तांबूस असेल तर ठीक; आणि मग त्याप्रमाणे कार्बोरेटरचा जेट बदलायचा. यात भूगोलही येतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, येथली हवा मुंबईपेक्षा अदमासे पाच टक्क्यांनी विरळ आहे, आणि म्हणून मुंबईत नीट जुळविलेली कार्बोरेटरची गाडी खंडाळ्याचा घाट चढून आली की पेट्रोल जास्त आणि हवा कमी अशी तिची अवस्था होते. हे सत्य जुन्या काळच्या टॅक्सीवाल्यांना कोणत्याही ग्रंथाविना ठाऊक होते.

अमेरिकेतील या मसल गाड्यांचे वैभव मोजून आठ-नऊ वर्षे टिकले. विमा कंपन्यांनी तरुण मालकांचे हप्ते भरमसाट वाढविले, १९७० च्या स्वच्छ हवेच्या कायद्याने धुरावर जप्ती आणली, १९७१ पासून कॉम्प्रेशन उतरू लागले, आणि १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल अडविताच उरलेली हौसही फिटली. शिवाय १९७२ पासून अश्वशक्ती मोजण्याची रीतच बदलली. पूर्वी पंखा, सायलेन्सर वगैरे लटांबर न लावता उघड्या इंजिनाची शक्ती छापीत, आता सर्व साज चढविल्यावरची छापू लागले, आणि जाहिरातींतले घोडे एका रात्रीत गळाले.

शर्यत मात्र टिकली; आणि तिने माणसांची परीक्षाही पाहिली. फ्लॉरिडाचे डॉन गार्लिट्स यांच्या लांबट यंत्रात इंजिन चालकाच्या पुढे आणि गिअरची पेटी त्याच्या पायांशी असे. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात सुटतानाच ती पेटी फुटली आणि उजव्या पावलाचा भाग गेला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी इंजिन चालकाच्या मागे टाकण्याचा आराखडा केला, दुसऱ्या वर्षी तसे यंत्र घेऊन ते मैदानात उतरले, आणि थोड्याच काळात अशा यंत्रांच्या वर्गातील सर्वांनी तीच रचना स्वीकारली. त्याच वर्गात शर्ली मल्डाउनी या बाईंनी १९७७ साली अजिंक्यपद पटकाविले.

आपल्याकडे ही शर्यत आली ती अमेरिकेतल्यासारखीच विमानांच्या धावपट्टीवर. मुळशी तालुक्यात, लोणावळ्यापलीकडे अ‍ॅम्बी व्हॅलीची धावपट्टी आहे. तेथे गेल्या दशकात ‘व्हॅली रन’ या नावाने पाव मैलाच्या शर्यती भरल्या, देशी आणि परदेशी गाड्यांचे इंजिनाच्या आकारमानाप्रमाणे वर्ग पाडले गेले, आणि मारुतीच्या छोट्या गाड्यांपासून कोट्यवधींच्या गाड्यांपर्यंत सर्वांना एकाच पट्टीवर, एकाच घड्याळाखाली उभे राहावे लागले. फोर्डने २०१६ पासून मस्टँग अधिकृतपणे भारतात विकली, तेव्हा पाच लिटरचा व्ही-एट आवाजही या मुलखाला नवा राहिला नाही. पन्नास वर्षे ओलांडलेल्या गाड्या आयात करण्याची मुभा २०२५ मध्ये मिळाली आहे. तेव्हा उद्या एखादी जीटीओ येरवड्याच्या पुलावरून येताना दिसली तर नवल नको. फक्त तिच्या मालकाने मोटार वाहन कायद्याचे १८९ वे कलम वाचून ठेवावे. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीवाचून शर्यत लावल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे, आणि फिरून सापडल्यास वर्षापर्यंतची कैद किंवा त्याहून मोठा दंड. रात्री नदीपात्रातल्या रस्त्यावर सायलेन्सर काढून जी पोरे आमची झोप मोडतात, त्यांना या कलमापेक्षा धावपट्टीचीच गरज अधिक आहे, असे मला वाटते.

आता त्या घड्याळाविषयी. पट्टीच्या आरंभी जमिनीलगत प्रकाशाचे दोन किरण असतात. पुढचे चाक पहिल्यात आले की एक दिवा लागतो, दुसऱ्यात आले की दुसरा, आणि दोन्ही गाड्या अशा रुजू झाल्यावर पिवळे दिवे लागून हिरवा येतो. हे दिव्यांचे झाड १९६३ पासून रूढ झाले. हिरव्यापूर्वी चाक हलले तर लाल दिवा, आणि खेळ खलास. गंमत अशी की धावेचा काळ मोजणारे घड्याळ हिरवा दिवा लागल्यावर नव्हे, तर चाक किरणातून बाहेर पडल्यावर सुरू होते. त्यामुळे हिरवा पाहूनही रेंगाळणाऱ्याच्या चिठ्ठीवर काळ उत्तम पडतो आणि शर्यत दुसराच जिंकलेला असतो. अंतिम वेग शेवटच्या सहासष्ट फुटांत मोजतात; तो इंजिनाच्या ताकदीचा दाखला, तर साठ फुटांचा आकडा पकडीचा. दोहोंचा मेळ बसला नाही की मिस्त्रीला कोठे हात घालावा हे कळते.

आणि ज्याने या खेळाला सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले, तो ब्रॅकेट शर्यतीचा प्रकार राहिला. येथे प्रत्येक चालकाने आपली गाडी किती काळात पोहोचेल ते आधी सांगायचे आणि तो आकडा काचेवर, जुन्या प्रघाताप्रमाणे बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने, लिहायचा. एकाने १४.२० लिहिले आणि दुसऱ्याने १२.६०, तर पहिल्याला १.६० सेकंद आधी हिरवा मिळतो. म्हणजे दोघांनीही आपापला शब्द तंतोतंत पाळला तर ते एकाच वेळी पोहोचावेत. जो सांगितल्याहून लवकर पोहोचला तो बाद. दोघेही लवकर पोहोचले तर ज्याची चूक लहान तो जिंकला. मुद्दाम जास्त काळ सांगून सवलत लाटण्याची सोयच यात नाही. त्यामुळे पन्नास-साठ वर्षांची प्लिमथ घेऊन येणारा निवृत्त मनुष्य लाखो डॉलरच्या नव्या गाडीला सहज हरवितो, कारण त्याच्या वहीत प्रत्येक धावेचे तापमान, हवेचा दाब, ओलावा, जेटचा क्रमांक आणि ठिणगीचे अंश टिपलेले असतात. संध्याकाळी हवा थंड होऊन दाट होते, इंजिनाला जोर येतो, आणि सकाळी लिहिलेला आकडा न पुसणारा चालक आपल्याच गाडीच्या सुधारलेल्या प्रकृतीमुळे बाद होऊन परततो.