सौरपंपाच्या पेटीतील विजेची मोट

केंद्र शासनाची पीएम-कुसुम योजना २०१९ साली सुरू झाली आणि राज्यातील अनेक विहिरींवर सौरपंप बसले. पंपाची नियंत्रक पेटी पॅनेलची वीज मोटारीस योग्य अशा रूपात बदलते. परंतु पेटीतील नियंत्रण-मंडलास स्वतःसाठी अवघी १५ ते २४ व्होल्टची वीज लागते, आणि पॅनेलकडून येणारा दाब असतो शेकडो व्होल्टचा. या दोहोंची सांगड घालणाऱ्या लहानशा साधनास फ्लायबॅक परिवर्तक म्हणतात. ते निकामी झाल्यास मोटार धडधाकट असूनही पाणी थांबते.

कार्य कसे चालते?

जुन्या शेतकऱ्यांस मोट परिचित आहे. मोट विहिरीत भरत असताना थारोळ्यात पाणी पडत नाही; ती वर येऊन रिती होते, तेव्हा भरणे थांबलेले असते. फ्लायबॅकची रीत हीच. त्यातील इलेक्ट्रॉनिक स्विच चालू असताना लहान रोहित्राच्या फेराइट गाभ्यात ऊर्जा साठते. स्विच बंद होताच ती दुसऱ्या वेटोळ्यातून बाहेर पडते. अशा खेपा एका सेकंदात हजारो होतात.

दाबाचा चढउतार

प्रत्येकी ४५ व्होल्टची १५ पॅनेले एकामागे एक जोडली असता, पंप बंद असताना ६७५ व्होल्ट दाब मिळतो. थंडीत पॅनेलचा दाब वाढतो. हिवाळ्यातील स्वच्छ सकाळी तो ७०० व्होल्टच्या वर जातो. पहिल्या अंधुक प्रकाशात मात्र तो २०० व्होल्टच असू शकतो. या दोन्ही टोकांस परिवर्तकाने सारखेच काम दिले पाहिजे.

दाब चौपट झाला, की मोट चौपट वेगाने भरते. २०० व्होल्टवर भरण्यास ८ मायक्रोसेकंद लागत असतील, तर ८०० व्होल्टवर २ पुरतात. म्हणून स्विच चालू ठेवण्याचा काळ नियंत्रक क्षणोक्षणी कमीजास्त करतो. स्विच बंद होतानाचा क्षण सर्वांत कठीण. त्या वेळी पॅनेलच्या दाबात रोहित्राकडून उलट येणाऱ्या दाबाची आणि क्षणिक उसळीची भर पडते. यास्तव १,२०० किंवा त्याहून अधिक व्होल्ट सोसणारा स्विच योजतात. तसेच ४५० व्होल्टचे दोन संधारित्र एकामागे एक जोडून ९०० व्होल्टची सोय करतात.

अधिक पॅनेलांचा मोह

अधिक पाण्याच्या आशेने त्याच माळेत आणखी ५ पॅनेले जोडल्यास दाब ९०० व्होल्टवर जातो आणि थंडीत तोही ओलांडतो. तेव्हा पाणी वाढण्याऐवजी पेटीच जळण्याचा संभव असतो.

शेतकरी बांधवांनी घ्यावयाची दक्षता

१. माळेतील पॅनेलांची संख्या परस्पर बदलू नये.

२. पंप चालू असताना पॅनेलची जोडणी ओढून काढू नये. एकदिश प्रवाहाची ठिणगी सहजासहजी विझत नाही.

३. पेटी स्वतः उघडू नये. मुख्य स्विच बंद केल्यावरही संधारित्रांत प्राणघातक दाब काही काळ राहतो, आणि उजेड असेतोवर पॅनेलच्या तारांत वीज असतेच.

४. पेटीवरील दिवा वा पडदा भर उन्हातही उजळत नसेल, तर अधिकृत तंत्रज्ञास बोलवावे.

ग्रामसेवकांनी पंप बसविण्याच्या दिवशीच या चार गोष्टी शेतकऱ्यास पेटीजवळ उभे राहून समजावून द्याव्यात. पेटी नवी आणता येते. गेलेला जीव परत आणता येत नाही.