पहिल्या हंड्याचं पाणी

'तुम्ही काय करता?' या प्रश्नाला गेली तीसेक वर्षं मी दोन उत्तरं देत आलो आहे. कविसंमेलनात कुणी विचारलं तर 'महापालिकेत आहे' म्हणतो आणि विषय बदलतो. लोकल गाडीत कुणी विचारलं तर 'आरोग्य निरीक्षक' असं खरं सांगतो. मग समोरचा माणूस पहिल्यांदा मला डॉक्टर समजतो, नंतर कचऱ्यावाला समजतो आणि उतरता उतरता आपल्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराची तक्रार माझ्या हाती देऊन जातो. तिसरा एक प्रश्न असतो, तो माझं नाव ऐकल्यावर येतो, 'तुम्ही मराठीत लिहिता?' त्याचं उत्तर देणं मी सोडलं आहे. आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरात भांडणंही मराठीतच होत आली आहेत, मग कविता दुसऱ्या भाषेत कुठून येणार?

मराठी घेऊन बी.ए. झालो. नोकरी मिळेना, तेव्हा एका शेजाऱ्याने सुचवलं म्हणून अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचा सॅनिटरी इन्स्पेक्टरचा डिप्लोमा केला आणि ठाणे जिल्ह्यातल्या एका महापालिकेत लागलो. तेव्हा आम्ही सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो, मग स्वच्छता निरीक्षक झालो, मग आरोग्य निरीक्षक. पाटी बदलली, सकाळी सहाची हजेरी तीच राहिली. हजेरी शेडवर मुकादम वही उघडतो, कामगारांची नावं पुकारली जातात, आज कोण आलं नाही ते कळतं आणि मग आहे त्या माणसांत अख्खा प्रभाग झाडायचा असतो. घंटागाडी कुठे अडकली, कुठे मेलेलं कुत्रं पडलं आहे, कुठल्या सोसायटीने ओला-सुका कचरा एकत्र दिला, हे सगळं आठच्या आत.

आमच्या खात्याला एक जुनी भीतीही चिकटलेली आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी साथरोगांचा कायदा झाला. त्या काळात तपासणीचा माणूस दारात आला की घरातल्या आजाऱ्याला माळ्यावर लपवायचे, कारण तो उचलून नेईल ही धास्ती. पुण्यात त्याचं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. सव्वाशे वर्षं उलटली, तरी हातात फाइल घेऊन जिना चढलो की वरच्या मजल्यावरून कुजबूज ऐकू येते, 'पालिकेचा माणूस आलाय.' २०२० मध्ये करोनात तोच कायदा पुन्हा बाहेर निघाला आणि तीच कुजबूज मी पुन्हा ऐकली.

लोकांना वाटतं, वास येतो तिथे आमचा अधिकार चालतो. तसं नाही. डोंबिवलीत २०१४ च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला, २०२० च्या फेब्रुवारीत औद्योगिक भागातला रस्ता गुलाबी झाला, तेव्हा ओळखीच्या साऱ्या माणसांनी मला फोन केले. कारखान्यांच्या प्रदूषणावर लक्ष ठेवायचं ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने. हॉटेलातल्या भजीचंही तसंच. १९५४ चा भेसळीचा कायदा जाऊन २०११ पासून अन्न सुरक्षेचा कायदा लागू झाला, नमुना घेऊन खटला भरायचं काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. हे फोनवर सांगितलं की पलीकडून 'म्हणजे तुम्ही काहीच करत नाही' असा निकाल मिळतो.

आम्ही करतो ते बहुतेक डोळ्यांना दिसत नाही. डासांचंच घ्या. डेंग्यूचा डास गटारात होत नाही, स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतो. म्हणून माझा अनुभव असा की झोपडीतल्या पिंपाइतक्याच अळ्या मोठ्या सोसायटीतल्या मनीप्लान्टच्या बाटलीत, फ्रिजमागच्या ताटलीत आणि गच्चीवरच्या टायरात सापडतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडं कोरडं करा असं आम्ही सांगतो. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून बसतात, कोरडी पडून महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागलं की जागी होतात. कडा घासायला हव्यात. हे सांगत मी जिने चढतो आणि खाली लोकांना हवी असते धुराची गाडी. त्या धुराने त्या क्षणी उडत असलेले डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. पण धूर दिसतो, अळ्या शोधणारा माणूस दिसत नाही. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी रस्त्याच्या कडेने ओढलेली पांढरी रेघही तशीच. ती बहुतेक वेळा चुन्याची असते आणि चुन्याने एकही जंतू घाबरल्याचं मला माहीत नाही.

शौचालयाच्या टाकीबद्दलही इथेच सांगून टाकतो. टाकीत माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने मनाई आहे, तरी सोसायटीचे सेक्रेटरी मला विचारतात, 'पाच मिनिटांचं काम आहे, उतरवू का?' टाकीतल्या वायूला सडक्या अंड्याचा वास येतो, पण त्याचं प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. झाकण उघडून थोडा वेळ थांबलेला माणूस म्हणतो, 'आता वास गेला', आणि उतरतो. वास गेलेला नसतो, नाक गेलेलं असतं.

आता ज्यासाठी हे बोलायला बसलो ते सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. वस्तीचं नाव सांगत नाही. तीस-पस्तीस खोल्यांची जुनी चाळ, पुढे अरुंद बोळ, बोळात गटार आणि गटारातूनच गेलेले नळांचे पाइप, एकावर एक, जानव्यासारखे गुंतलेले. मे महिन्यात तक्रार आली, पाण्याला वास येतो. हजेरी आटोपून सातच्या सुमारास मी तिथे पोचलो. नियमाप्रमाणे नळ दोन-तीन मिनिटं वाहू दिला, मग नळीत पाणी घेतलं आणि ओ.टी.चे थेंब टाकले. पाण्यात क्लोरिन शिल्लक असेल तर या थेंबांनी पाणी पिवळं होतं. पिवळं झालं. बाटलीत घेतलेला नमुना प्रयोगशाळेत गेला, त्याचा अहवाल आला, पिण्यास योग्य. मी तक्रारीवर 'समाधानकारक' असा शेरा मारला आणि फाइल बंद केली.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्या चाळीत कावीळ लागली. आधी दोघं, मग पाच, मग अकरा. मी पुन्हा गेलो, पुन्हा नमुना घेतला, पुन्हा योग्य.

काविळीच्या बाबतीत आमची फसगत दोन जागी होते. एक म्हणजे काळ. दूषित पाणी पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते आठ-दहा आठवडे लागतात. म्हणजे रोगी दिसतो तेव्हा त्याला बाधलेलं पाणी केव्हाच वाहून गेलेलं असतं, आज घेतलेला नमुना त्या पाण्याचा नसतोच. दुसरी गोष्ट जंतूंची. प्रयोगशाळा पाण्यात विष्ठेतले जीवाणू शोधते, काविळीचा विषाणू शोधत नाही. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे २९ हजार माणसांना कावीळ झाली होती. शुद्धीकरण केंद्रात क्लोरिन वाढवलेलं होतं, त्यामुळे विषमज्वर वगैरे वाढले नाहीत, पण विषाणू क्लोरिनला पुरून उरला. ती कावीळ 'ई' प्रकारची होती, हे पुष्कळ वर्षांनी कळलं.

हे सगळं मी डिप्लोमाच्या पुस्तकात वाचलेलं होतं, असं म्हणायला मला आवडलं असतं. मला ते चाळीतल्या एका मावशींनी शिकवलं. मी नळापाशी उभा होतो, त्या म्हणाल्या, 'साहेब, तुम्ही नेहमी पाणी चांगलं झाल्यावर येता. पाणी साडेपाचला येतं. पहिले दोन हंडे आम्ही भांड्यांना घेतो, त्यांना वास असतो. तिसऱ्या हंड्यापासून पितो.'

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी बोळात होतो. अजून उजाडलं नव्हतं. नळ आधी हवा सोडत खाकरला, मग पाणी आलं. पहिल्या हंड्यातलं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. रंग आला नाही. दुसऱ्या हंड्याला जेमतेम. तिसऱ्याला पिवळाधमक.

त्याचं कारण साधं आहे. आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही. ते बंद झालं की पाइपातला दाब जातो, आणि पाइप गटारात बुडालेला असला, त्याला कुठे गंजून भोक पडलेलं असलं, तर गटाराचं पाणी आत ओढलं जातं. रात्रभर ते आत बसतं. पहाटे पाणी सुटलं की सगळ्यात आधी तेच बाहेर येतं, त्यातली घाण क्लोरिन खाऊन टाकते, म्हणून रंग येत नाही. पाच-सात मिनिटांत पाइप धुऊन निघतो. नियम सांगतो, नळ वाहू द्या आणि मग नमुना घ्या. नियम चूक नाही, मुख्य वाहिनीतलं पाणी तपासायला तो बरोबरच आहे. पण त्या चाळीत मी नियमाने वागून नेमकी घाणच ओतून देत होतो. आणि पहिल्या दोन हंड्यांतल्या पाण्याने घासलेल्या भांड्यांतून माणसं जेवत होती. ज्यांचा नळात पहिला नंबर, ती पोरं तर तेच पाणी तोंड लावून पीत होती.

पाइप गटारातून काढून भिंतीवर घ्यायला नऊ दिवस लागले. तोवर क्लोरिनच्या गोळ्या वाटल्या, पाणी उकळायला सांगितलं. रॉकेल आणि गॅसचा हिशेब मांडणाऱ्या घरात 'वीस मिनिटं उकळा' म्हणून सांगणं सोपं नसतं. खळखळ उकळी फुटली की पुरे, असं मी सांगू लागलो. तेवढंही पुष्कळ असतं.

मावशींची सून सातव्या महिन्यात होती. 'ई' प्रकारची कावीळ बहुतेकांना महिन्या-दीड महिन्यात सोडून जाते, पण गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली तर दगावण्याचं प्रमाण शंभरात वीस-पंचवीसपर्यंत जातं. तिला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात हलवलं. अठरा दिवसांनी ती घरी आली. बाळ आलं नाही.

मे महिन्यात मी साडेपाचला गेलो असतो तर, हे गणित मी पुष्कळदा मांडलं आहे. मला कुणी जाब विचारला नाही. फाइलीत सगळं नीट होतं, अहवाल होते, सह्या होत्या. मावशींनीही काही म्हटलं नाही. चहा दिला. तो मी प्यायलो, कारण न पिणं आणखी वाईट दिसलं असतं. घरी येऊन अम्मीला सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं, 'पाणी कधी येतं हे तू त्या बायकांना आधी विचारलं नव्हतंस?'

लोक विचारतात, यावर कविता लिहिलीत का? नाही लिहिली. घंटागाडीवर लिहिली आहे, बकरी ईद आणि गणपतीवरही. ईदेच्या दिवशी नमाज पढून मी थेट कत्तलीच्या तात्पुरत्या केंद्रावर जातो, अवशेषांची गाडी वेळेवर निघाली का ते बघायला, आणि विसर्जनाच्या रात्री खाडीच्या घाटावर निर्माल्य वेगळं काढणाऱ्यांबरोबर पहाटेपर्यंत असतो. माझा जोडीदार ईदेला माझा प्रभाग सांभाळतो, मी गौरीला त्याचा. त्यात गंमत आहे, ती कवितेत येते. ते बाळ येत नाही.

कल्याण-डोंबिवलीत कचऱ्यावरून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांच्या परवानग्या थांबवल्या, तेव्हा कुठे घराघरात कचऱ्याची चर्चा सुरू झाली. घर बांधणं अडलं की माणसाला वास येतो. आधारवाडीचं क्षेपणभूमी म्हणून काम अखेर २०२१ मध्ये थांबलं. पाण्याच्या पाइपावर अशी चर्चा अजून मी ऐकलेली नाही. गटारात बुडालेले पाइप आजही अनेक बोळांत आहेत, पावसाळ्यापूर्वी आम्ही त्यांची यादी करतो, आणि यादी लांबतच जाते.

लवकरच मी अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त होईन. माझ्याकडे काम शिकायला एक तरुण निरीक्षक आला आहे. परवा त्याने माझी नोंदवही चाळली आणि विचारलं, 'सर, छापील तक्त्यात वेळेचा रकाना नाही, मग तुम्ही प्रत्येक नमुन्यापुढे पेनने वेळ का लिहिता? आणि हे 'प.हं.' म्हणजे काय?' मी त्याला म्हटलं, उद्या पहाटे पाचला स्टेशनबाहेर भेट, रिक्षाने जाऊ.