मांजर, कोडे आणि इराणचे तेल

एका खोलीत एक वृद्ध गृहस्थ आहेत. भोवती कागदपत्रे आहेत. एवढ्यात एक मांजर उडी मारते आणि सारे कागद उधळून लावते. गृहस्थ वैतागून जागचे हलतात आणि खेळ एक पाऊल पुढे सरकतो. पुढे कसला, मागे! कारण हे मांजर म्हणजे तुम्ही, आणि तुमचे काम आहे त्या गृहस्थांना त्यांच्याच भूतकाळात नेण्याचे.

संगणकावरील या छोट्याशा कोडेवजा खेळाचे नाव 'द कॅट अँड द कू'. 'कू' म्हणजे कट करून सरकार उलथणे. पीटर ब्रिन्सन आणि कुरोश वालानेजाद यांनी तो 2011 मध्ये अमेरिकेत तयार केला. चित्रे जुन्या इराणी लघुचित्रांच्या धर्तीची आहेत. आपण अनुबोधपट पाहतो ना, तसा हा अनुबोधखेळ म्हणा.

ते गृहस्थ म्हणजे इराणचे पंतप्रधान मोहम्मद मोसादेग. इराणचे खनिज तेल तेव्हा एका ब्रिटिश कंपनीच्या हाती होते. 1951 मध्ये इराणने त्याचे राष्ट्रीयीकरण केले. चिडलेल्या ब्रिटनने तेलाची विक्रीच अडवून धरली. पुढे अमेरिका व ब्रिटन यांच्या गुप्तहेरांनी कट रचला. ऑगस्ट 1953 मधला पहिला प्रयत्न फसला, इराणचे शहा देश सोडून पळाले. पण 19 ऑगस्टला मोसादेग यांचे सरकार कोसळले. त्यांना तीन वर्षांची कैद झाली. नंतर 1967 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते अहमदाबाद नावाच्या इराणी खेड्यात नजरकैदेत होते.

खेळ या मृत्यूपासून सुरू होतो आणि मागे जातो. भूशास्त्रज्ञही असेच करतो, नाही का? वरचा थर आधी दिसतो. तो का बनला हे खालच्या थरांत शोधायचे. परिणाम हाती असतो, कारण शोधायचे असते. म्हणून प्रत्येक कोडे सुटताना 'असे का झाले?' हा प्रश्न आपोआप पडतो. पाठ्यपुस्तकातील सनावळीत तो क्वचितच पडतो!

मात्र एक सावधगिरी हवी. खेळातील कोड्याला निर्मात्याने ठरवलेले उत्तर असते. इतिहासाचे तसे नसते. मोसादेग यांचे काही जुने सहकारीही त्यांना सोडून गेले होते, तेल विकले न गेल्याने देशात टंचाई होती. यांपैकी कशाचा वाटा किती, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे.

शिवाय खेळात कोड्याचे सारे तुकडे खोलीतच सापडतात. इतिहासकाराला हवे असलेले तुकडे कुलपात होते. अमेरिकी गुप्तहेर खात्याने या कटाचा वृत्तांत 1954 मध्येच लिहून ठेवला होता. तो वर्तमानपत्रात फुटला 2000 साली. आणि कटातील आपला हात दाखवणारी कागदपत्रे त्या खात्याकडून अधिकृतपणे खुली झाली ती ऑगस्ट 2013 मध्ये, घटनेला साठ वर्षे उलटल्यावर. तोवर मांजराचा खेळ येऊन दोन वर्षे झाली होती.