शेतजमिनीची विक्री : पीक, कुरण आणि शिकारयोग्य अधिवास – अमेरिकेतील मध्यपश्चिम भागाच्या संदर्भात

प्रस्तावना
शेतजमिनीची विक्री म्हणजे क्षेत्रफळ व दर यांचा व्यवहार, असे सामान्यतः मानले जाते. अमेरिकेतील आयोवा राज्यात मात्र एकाच मालकाच्या जमिनीत मका-सोयाबीनची शेते, गुरांचे कुरण आणि हरीण व फेझंट पक्ष्यांना आश्रय देणारे गवताळ क्षेत्र एकत्र आढळते. अशा जमिनीच्या विक्रीत नेमके काय हस्तांतरित होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पीक आणि कुरण
विक्रेत्याचे उभे पीक, करारात वेगळे राखून ठेवले नसल्यास, सर्वसाधारणपणे जमिनीबरोबरच खरेदीदाराकडे जाते. कापणी झालेले धान्य मात्र जंगम मालमत्ता ठरते. जमीन खंडाने दिलेली असल्यास नव्या मालकावरही तो करार बंधनकारक असतो. आयोवाच्या कायद्यानुसार, काही अपवाद वगळता, १ सप्टेंबरपर्यंत लेखी सूचना दिली तरच खंडाचा करार पुढील १ मार्चला संपुष्टात येतो. अन्यथा तो पुढे चालू राहतो. पिकाऊ जमिनीचे मूल्य मुख्यतः मातीच्या कसावरून ठरते, तर कुरणाच्या बाबतीत पाणी, कुंपण व पोसली जाणारी गुरे यांचा विचार होतो.

शिकारीचा हक्क
वन्य प्राणी जमीनमालकाच्या मालकीचे नसतात. राज्य त्यांचे विश्वस्त मानले जाते. मालक विकतो तो जमिनीवर प्रवेश देण्याचा अधिकार. शिकाऱ्यास राज्याचा परवाना घ्यावाच लागतो. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे शिकारीस सर्वसाधारणपणे बंदी असल्याने जमिनीच्या मूल्यमापनातील हा घटक आपल्याला अपरिचित आहे.

अधिवासाचा आधार
हा अधिवास पुष्कळदा निसर्गापेक्षा करारावर उभा असतो. १९८५ च्या अन्नसुरक्षा अधिनियमाने सुरू झालेल्या ‘कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्राम’ या योजनेत शेतकरी १० ते १५ वर्षांसाठी धूपप्रवण जमीन लागवडीतून काढून तेथे गवत वा झाडे राखतो आणि शासन त्याला वार्षिक मोबदला देते. जमीन विकल्यावर खरेदीदाराने हा करार पुढे स्वीकारला नाही, तर मूळ करारकर्त्यावर मिळालेली रक्कम व्याजासह परत करण्याची आणि नुकसानभरपाई देण्याची जबाबदारी येऊ शकते. म्हणून विक्रीच्या करारातच ही जबाबदारी स्पष्ट नमूद करणे विक्रेत्याच्या हिताचे असते.

खरेदीदारापुढील प्रश्न वेगळा आहे. करार संपल्यावर गवत राखण्याचे त्या योजनेचे बंधन उरत नाही. २००७ मध्ये या योजनेखाली सुमारे ३ कोटी ६८ लक्ष एकर जमीन होती. पुढे मक्याचे भाव वाढले, अनेक करार संपले आणि मोठे क्षेत्र पुन्हा नांगराखाली आले. २०१८ च्या कृषी कायद्यात २०२३ साठी कमाल मर्यादा २ कोटी ७० लक्ष एकर होती. फेझंट गवतात जमिनीवर घरटी करतो. त्यामुळे गवत गेले की पक्षी व शिकारीपासूनचे उत्पन्न दोन्ही धोक्यात येतात.

निष्कर्ष
अशा विक्रीत पीक हंगामापुरते, खंड कराराच्या मुदतीपुरता, आणि अधिवास बहुधा शासकीय करारापुरता टिकतो. कायम राहते ती केवळ जमीन. शिकारयोग्य अधिवासासाठी अधिक किंमत देणाऱ्याने गवताच्या उंचीपूर्वी कराराची उरलेली मुदत पाहावी. अधिवास दीर्घकाळ टिकावा, अशी इच्छा असणाऱ्या मालकास विक्रीपूर्वी जमिनीवर कायमस्वरूपी संवर्धन सुविधाधिकार नोंदविता येतो. त्यामुळे जमिनीची किंमत सहसा घटते. परंतु तो पुढील प्रत्येक मालकावर बंधनकारक राहतो. भाव आणि अधिवास यांपैकी कशाला प्राधान्य द्यावयाचे, हा निर्णय खरेदीखतावर सही होण्यापूर्वीच घ्यावा लागतो.