बंद रकाना आणि त्याचे नाव

छापील अर्जावर रकाना बंद ठेवण्याचे काम शाई करते. ‘लागू नसेल ते खोडावे’ अशी सूचना वर असते आणि ‘केवळ कार्यालयीन उपयोगासाठी’ असे छापलेल्या चौकटीत कोणी पेन टेकवत नाही. संगणकावरच्या अर्जात हेच काम कोड करतो, फरक इतकाच की रकाना भरणाऱ्याच्या डोळ्यांदेखत उघडतो आणि मिटतो. वेबपानांच्या एचटीएमएल भाषेत ही सोय डिसेंबर 1997 मध्ये चौथ्या आवृत्तीने आणली. ‘डिसेबल्ड’ आणि ‘रीडओन्ली’ हे शब्द, तसेच रकान्याला त्याच्या नावाशी जोडणारे ‘लेबल’, हे सगळे त्याच आवृत्तीतले.

मीरा रोड पूर्वेला पूनम सागरसारख्या वसाहतीत मालक राहतात तसे भाडेकरूही राहतात. तिथल्या एखाद्या सोसायटीने रहिवाशांच्या नोंदीचा अर्ज संगणकावर करायचा ठरवला, तर पहिला प्रश्न ‘मालक की भाडेकरू’ हाच असणार. त्याखाली लीव्ह अँड लायसन्स कराराची तारीख आणि मुदत हे दोन रकाने. ‘मालक’ निवडले की ते बंद, ‘भाडेकरू’ निवडले की उघडे. कोडमध्ये हे एका ओळीचे काम आहे: रकान्याच्या डिसेबल्ड या गुणधर्माला ‘ट्रू’ दिले की तो बंद होतो, ‘फॉल्स’ दिले की उघडतो. नवशिके मात्र इथेच अडखळतात. पानाच्या मजकुरात डिसेबल्ड हा शब्द नुसता असला तरी रकाना बंद होतो, आणि त्यापुढे बरोबरचे चिन्ह देऊन ‘फॉल्स’ लिहिले तरी तो बंदच राहतो. तो उघडण्यासाठी शब्द पूर्ण काढून टाकावा लागतो किंवा स्क्रिप्टमधून गुणधर्म बदलावा लागतो.

रकाने बरेच असतील तर एकेक बंद करत बसू नये. त्यांना ‘फील्डसेट’ या कुंपणात घालून कुंपणच बंद केले की आतले सगळे मिटते. कुंपणाच्या शीर्षकात, म्हणजे पहिल्या ‘लेजंड’मध्ये, ठेवलेला रकाना तेवढा उघडा राहतो. ‘भाडेकरू आहे’ ही खूण तिथेच ठेवावी, म्हणजे किल्ली आत राहून दार बंद होत नाही.

उघडझाप करणारे फंक्शन फक्त निवड बदलल्यावर चालवून भागत नाही. पान उघडतानाही ते एकदा चालवावे लागते. फायरफॉक्समध्ये पान पुन्हा लोड केले तरी स्क्रिप्टने बंद केलेला रकाना कधीकधी बंदच राहतो, कारण तो ब्राउझर आधीची स्थिती जपून ठेवतो. आणखी एक सवय चांगली: रकाना बंद करताना त्यातली तारीख पुसू नये. चुकून ‘मालक’वर बोट पडलेल्या भाडेकरूला तीच तारीख पुन्हा भरायला लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

आता लेबल. 1991 मध्ये आलेल्या व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रामिंग भाषेच्या परंपरेत लेबललाही ‘एनेबल्ड’ हा गुणधर्म असे. तो ‘फॉल्स’ केला की अक्षरे करडी होत. वेबवर लेबल बंद करण्याची सोयच नाही. जुना इंटरनेट एक्सप्लोरर कोणत्याही घटकावर डिसेबल्ड लिहिले की अक्षरे करडी करून दाखवी, त्यामुळे अनेकांचा समज झाला की हे सगळीकडे चालते. तसे नाही. चौकट बंद असते आणि शेजारचे ‘कराराची तारीख’ हे नाव ठळक काळ्या अक्षरांत उभे असते. भरणारा त्यावर टिचकी मारत राहतो आणि काहीच घडत नाही. म्हणून रकान्याबरोबर त्याच्या नावाचेही रूप बदलले पाहिजे. प्रत्येक रकान्याला ‘लेबल्स’ नावाची यादी असते. स्क्रिप्टने त्यातल्या प्रत्येक लेबलला एक वर्ग लावावा आणि रंग शैलीपत्रकाने ठरवावा. शैलीपत्रकातल्या ‘हॅज’ या निवडकाने हे स्क्रिप्टशिवायही जमते. डिसेंबर 2023 मध्ये फायरफॉक्सनेही तो स्वीकारल्यावर हा मार्ग सर्व प्रमुख ब्राउझरांत खुला झाला.

रंगाचा मात्र विचार हवा. वेबच्या सुगम्यता नियमांत साध्या अक्षरांना पार्श्वभूमीशी 4.5 ला 1 इतका फरक लागतो. बंद घटकांना त्यातून सूट आहे. ही सूट वापरू नये असेच म्हणावे लागते. फिकट करड्या अक्षरांत लिहिलेले नाव ज्येष्ठांना उन्हात मोबाइलवर दिसत नाही, आणि काय बंद आहे हे कळल्याशिवाय ते का बंद आहे हे कळणार कसे? शिवाय टॅब कळीने जाणारा भरणारा बंद रकाना ओलांडूनच जातो. असे टॅबनेच पुढे जाणाऱ्या अंध वापरकर्त्याला तो रकाना आहे हेही कळत नाही. जिथे हे कळणे गरजेचे असेल तिथे ‘एरिया-डिसेबल्ड’ वापरतात: रकान्यापर्यंत पोचता येते, वाचक-प्रणाली तो उपलब्ध नसल्याचे सांगते, पण प्रत्यक्ष अडवण्याचे काम कोडने स्वतः करायचे असते.

सर्वांत महागात पडणारी चूक मूल्यांची असते. बंद रकान्यातले मूल्य सर्व्हरकडे जातच नाही. कराराच्या तारखेबाबत हे हवेच असते, पण पत्त्यातल्या जिल्ह्याच्या रकान्याबाबत नको असते. मीरा रोडचा पिनकोड 401107. पहिले तीन अंक पाहून जिल्हा आपोआप भरून रकाना बंद करावा असे एखाद्याला सुचेल. पण 401 हे अंक वसई, विरार, पालघर आणि डहाणूचेही आहेत. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा ही गावे तिकडे गेली आणि मीरा-भाईंदर ठाण्यातच राहिले. मीरा-भाईंदर आणि वसई-विरारचे पोलीस आयुक्तालय तर 2020 पासून एकच आहे. अशा ठिकाणी तीन अंकांवर भरवसा ठेवून रकाना बंद केला, तर पूनम सागरचा रहिवासी पालघरचा ठरू शकतो आणि त्याला ती चूक दुरुस्तही करता येत नाही. अंदाजाने भरलेला रकाना उघडा असावा. खात्रीचा रकाना बंद ठेवायचा तर ‘रीडओन्ली’ करावा. तो बदलता येत नाही, पण मूल्य पाठवतो. ड्रॉपडाउनला मात्र रीडओन्ली लागू होत नाही. तिथे यादी बंद करून तेच मूल्य लपवलेल्या रकान्यातून पाठवतात.

‘सादर करा’ हे बटण दोनदा दाबले जाऊ नये म्हणून पहिल्या दाबानंतर ते बंद करतात. हे टिचकीच्या घटनेत न करता सादर होण्याच्या घटनेत करावे, नाहीतर काही ब्राउझरांत अर्ज निघतच नाही. स्क्रिप्टने पाठवलेला अर्ज नेटवर्क तुटल्यामुळे अडकला, तर बटण परत उघडणारी ओळही तितकीच आवश्यक.

बंद रकाना म्हणजे कुलूप नव्हे. ब्राउझरच्या विकासक-साधनांतून कोणीही डिसेबल्ड हा शब्द पुसून रकाना उघडू शकतो आणि हवे ते भरून पाठवू शकतो. त्यामुळे ‘मालक’ निवडलेल्या अर्जाबरोबर कराराची तारीख आली तर ती टाकून देणे, जिल्हा आणि पिनकोड जुळतात का ते पाहणे, ही तपासणी सर्व्हरवर पुन्हा करावी लागते.