आजींच्या झिणझिण्या आणि टेबलफॅन

घाटकोपरच्या एका चाळीतल्या सत्तरीच्या आजी हाताला झिणझिण्या येतात म्हणून माझ्याकडे आल्या. जुना मधुमेह, त्यामुळे मला दुसरी शंका आली नाही. बी-१२ च्या गोळ्या लिहून दिल्या. पंधरा दिवसांनी आजी पुन्हा हजर. "काही फरक नाही, डॉक्टर. पाऊस लागल्यापासून जास्तच होतंय, तेही उजव्याच हाताला."

पुढे नातवाच्या तापासाठी त्यांच्या घरी गेलो. मला वारा लागावा म्हणून आजींनी टेबलफॅन वळवला आणि चटकन हात झटकला. "हेच बघा, डॉक्टर!" शेजारच्या मुलाने टेस्टर आणून जाळीला लावला. दिवा लागला. औषधाची गरज पंख्याला होती आणि गोळ्या मी आजींना देत होतो.

असे का होते? मोटारीच्या तारांवर वार्निशचा लेप असतो. धूळ, दमटपणा आणि वय यांमुळे तो खराब झाला, किंवा वायर घासली गेली, की वीज लोखंडी सांगाड्यात उतरते. थ्री-पिन प्लगची जाड पिन ती जमिनीत नेते. आजींच्या पंख्याला दोनच पिना होत्या. मग विजेला वाट मिळाली ती आजींच्या शरीरातून. कोरडी फरशी, पायात रबरी चप्पल, म्हणून झिणझिण्यांवर निभावले. ओल्या फरशीवर अनवाणी असत्या तर तोच पंखा जीवावर बेतला असता.

साधारण १ मिलिअँपिअर करंट आपल्याला जाणवतो. १० च्या आसपास बोटे आखडतात, धरलेली वस्तू सुटत नाही. ३० च्या पुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. ५ अँपिअरचा फ्यूज म्हणजे ५००० मिलिअँपिअर. तो माणसाला वाचवण्यासाठी नसतोच. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. वायरमनकडून बसवून घ्या, अर्थिंगही तपासून घ्या.

घरी एवढे पाळा :

१. पंखा पुसताना प्लग काढा, नाकाला रुमाल बांधा. फडके घट्ट पिळलेले हवे. दमेकऱ्याने हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

२. छताचा पंखा मंद झाला तर बहुधा कंडेन्सर कमजोर झालेला असतो. टेबलफॅनचे बुश कोरडे पडलेले असू शकते. पाते ढकलून पंखा सुरू करू नका, मोटार तापते. जळका वास आला की पंखा बंद.

३. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला होता, पण एरवी आपल्याकडे हीटर वर्षभर माळ्यावरच असतो. काढल्यावर आधी वायर तपासा. २००० वॅटचा हीटर जवळजवळ ९ अँपिअर खेचतो. तो १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावा, एक्स्टेन्शन बोर्डवर नको. मधुमेहींनी त्यासमोर पाय शेकू नयेत. बधिर पायाला भाजल्याचे कळत नाही.

कोणाला शॉक बसला तर आधी मेन स्विच बंद करा, मगच हात लावा. श्वास नसेल तर १०८ ला फोन करून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहा. शुद्ध हरपली असेल, तर नंतर बरे वाटले तरी ई.सी.जी. काढा.

आजींच्या पंख्याची वायर बदलली, थ्री-पिन प्लग आला, झिणझिण्या थांबल्या. आता अशी तक्रार आली की मी साखरेबरोबर आणखी एक गोष्ट विचारतो : "त्या वेळी हात कशाला लागला होता?"